आधी नळाखाली धरा, मग काय ते बोला

सांगलीत विश्रामबागच्या आमच्या ओळीतले बंगले जुने आणि कुंपणं बुटकी. डावीकडे मेंदीचं कुंपण, त्याच्या पलीकडे काकू. उजवीकडे तारेची जाळी, तिच्या पलीकडे नाना. काकूंकडे होमिओपॅथीच्या बाटल्यांची लाकडी पेटी आहे आणि नाना जिल्हा परिषदेच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेत. मधे मी. त्यामुळे गल्लीत कुणाचंही पोर पडलं की त्याला उचलून माझ्या अंगणात आणतात आणि दोन्ही कुंपणांवरून उपचार सुरू होतात.

परवा समोरच्या भाडेकरूंचा मुलगा सायकलवरून आपटला. रस्त्यावर खडी कधीची पसरलीय, डांबराचा पत्ता नाही. नगरसेवक याच ओळीत राहतात, म्हणून जास्त बोलत नाही. पोराचा गुडघा सोलवटलेला, कोपर खरचटलेलं, तळहातात कच रुतलेली आणि भोकाड असं की मागच्या गल्लीतल्या बायकाही बाहेर आल्या.

"अर्निका, अर्निका! थांब गं, मी पेटी आणते," काकू.

"पेटी राहू द्या, काकू. वहिनी, आधी नळाखाली धरा त्याला!" नाना हातातला पाइप टाकून जाळीपाशी आले.

(सगळी ओळ त्यांना काकू म्हणते, वयाने थोरले असलेले नानासुद्धा.)

मी धरलं नळाखाली. नानांची धावती सूचना चालूच. पाणी शिंपडायचं नाही, धार सोडायची, चांगली पाच मिनिटं. साबण कडेकडेनं लावायचा, जखमेत घासायचा नाही. धारेनं कच निघाली नाही तर चिमटा उकळून घ्यायचा आणि एकेक कण उचलायचा. आत राहिली तर पिकते आणि नाही पिकली तरी कातडीखाली काळा ठिपका जन्मभर राहतो. पोराच्या आईनं विचारलं, डेटॉल ओतू का? नाना म्हणाले, "नुसतं तर मुळीच ओतू नका. आणि धार नीट लावली असेल तर त्याचीही फारशी गरज नाही. झोंबलं म्हणजे जंतू मेले, असं नसतं हो. झोंबतं ते आपल्याच ताज्या मांसाला."

हे सांगणारे नाना नोकरीत असताना अख्ख्या तालुक्याला लाल औषध फासत होते. लाल औषध म्हणजे मर्क्युरोक्रोम. आमच्या पिढीचे गुडघे त्यानंच रंगलेले. त्यात पारा असतो, त्यामुळे पुढे ते मागे पडलं. मग जांभळं जेन्शन व्हायोलेट, मग सिबाझॉलची गोळी कुटून तिची भुकटी, मग नेबासल्फची पावडर. नाना म्हणतात, रंग बदलत गेले, पण बाटली उघडण्याआधी जखम धुवायची हे एक पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते निवृत्तीपर्यंत बदललं नाही.

तोवर काकू पेटी घेऊन मेंदीतून आल्या. तिथे येण्याजाण्यानं वाटच पडलीय. पेटी उघडली की स्पिरिटचा गोडसर वास येतो. ओळीनं एक-एक ड्रामच्या बाटल्या, बुचांवर बारीक अक्षरात नावं. मुका मार लागला, टेंगूळ आलं, तर अर्निका. सोलवटलं, खरचटलं तर कॅलेंडुला. विळीवर बोटाचं टोक कापलं, दारात बोट चेमटलं, जिथे मज्जातंतू फार आणि ठणका फार, तिथे हायपेरिकम. खिळा, काटा, सुई असं टोचलं तर लेडम. धारदार पात्यानं सरळ कापलं तर स्टॅफिसॅग्रिया. काकूंना हे सगळं पाठ. आणि एक गोष्ट मी त्यांच्याकडूनच शिकले. अर्निका उघड्या जखमेवर चोळायचं नाही. कातडी फाटलेली असेल तर ते चिडतं. होमिओपॅथीच्या पुस्तकांतही तसंच सांगितलेलं असतं. यावर नानांनीही मान डोलावली. दोघांचं एकमत होण्याचे प्रसंग कमी, म्हणून नोंदवून ठेवते.

काकूंनी पोराच्या जिभेवर चार गोळ्या टाकल्या, त्याला मांडीवर घेतलं, केस मागे सारले आणि "कुठं कुठं लागलं सांग बघू" म्हणून चौकशी केली. रडणं थांबलं. मी डोळ्यांनी पाहिलं. गोळी गोड होती आणि मांडी काकूंची होती. या दोन्हींत गुण कशाचा, यावर नंतर चहा होईपर्यंत वाद चालला.

काकूंचं म्हणणं, अर्निकाचा. नाना म्हणाले, "काकू, अर्निका थर्टी म्हणजे काय, ते तुमच्याच भाच्याला विचारा." भाचा मिरजेला बीएचएमएस झालाय, तेव्हा हा टोला बसायचाच. थर्टी म्हणजे मूळ अर्काचा एक भाग शंभर भागांत मिसळायचा, त्यातला एक पुन्हा शंभरात, असं तीस वेळा. एकावर साठ शून्यं इतकं पातळ. बाराव्या खेपेनंतरच मूळ झाडाचा एखादा कण बाटलीत उरण्याची शक्यता संपत आलेली असते, हे रसायनशास्त्राचं साधं गणित आहे. मी आपली मधे बोलले, की महाबळेश्वरला कृष्णेत चिमूटभर हिंग टाकायचा आणि बंगालच्या उपसागरातून ओंजळभर पाणी आणून आमटीला फोडणी द्यायची, त्यातला प्रकार. नाना म्हणाले, "वहिनी, त्या ओंजळीत हिंग सापडायची शक्यता जास्त."

काकू डगमगल्या नाहीत. "मग इंग्लंडचे राजे चार्ल्स वेडे काय? ते होमिओपॅथीचे केवढे पुरस्कर्ते!"

"आणि त्यांच्याच देशातल्या सरकारी आरोग्यसेवेनं २०१७ मध्ये डॉक्टरांना सांगितलं, होमिओपॅथी लिहून देऊ नका, पैसे वाया जातात. त्याआधी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन परिषदेनं ढीगभर अभ्यास तपासले आणि एकाही आजारावर हिचा उपयोग होतो याचा भरवशाचा पुरावा नाही म्हणून सांगितलं."

"आपल्याकडे नाही का १९७३ सालापासून कायदा? कॉलेजं आहेत, साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे."

हेही खरंच. आपल्या देशात होमिओपॅथीला सरकारमान्यता आहे, स्वतंत्र आयोग आहे आणि ओळीतल्या निम्म्या घरांत साबुदाण्याच्या गोळ्या आहेत. राजमान्यतेवरून काकूंना रणजितसिंह महाराज आठवले. होनिगबर्गर नावाचा ट्रान्सिल्व्हेनियातला डॉक्टर लाहोरला दरबारी आला होता आणि १८३९ मध्ये त्यानं महाराजांना डल्कामारा दिलं. भारतात होमिओपॅथी आली ती अशी थेट गादीवर, असं काकू अभिमानानं सांगतात. नाना म्हणाले, "पुढचं सांगा की. १८३९ मध्येच महाराज गेले." काकू रागावून अर्ध्या मेंदीपर्यंत गेल्या, पण चहा यायचा होता, म्हणून परतल्या.

मला विचाराल तर मी नानांच्या बाजूची आहे. खरचटलेलं सात-आठ दिवसांत बरं होतंच. ती कातडीची जातच आहे. टेंगूळ रात्रीत उतरतं. ज्यानं जे दिलेलं असतं त्याला श्रेय जातं, कावळा बसायला नि फांदी मोडायला. पण काकूंच्या पेटीतली एक बाटली वेगळी काढायला हवी, ती कॅलेंडुला क्यूची. क्यू म्हणजे मदर टिंक्चर, मूळ अर्क. हा पातळ केलेला नसतो, त्यात फुलाचा अंश खरोखर असतो. म्हणजे नावाला होमिओपॅथी, खरं पाहता ते झाडपाल्याचं औषध. त्यात अल्कोहोल भरपूर, त्यामुळे तसंच ओतलं तर पोर छताला लागेल. काकू उकळून गार केलेल्या वाटीभर पाण्यात थोडे थेंब घालतात, त्यात स्वच्छ कापड भिजवून टिपतात. धुऊन झाल्यावर असं टिपलं तर माझी हरकत नाही. नानांचीही नाही. फक्त ते म्हणतात, वाटीतल्या पाण्याचा गुण थेंबांच्या नावावर लिहू नका.

कॅलेंडुलावरून एक गंमत सांगायची राहिली. कोपऱ्यावरच्या वहिनींनी कुठेतरी वाचलं की कॅलेंडुला म्हणजे झेंडू. झालं, दसऱ्याच्या तोरणातली फुलं उकळून बाटली भरून ठेवली! तोरणातली, म्हणजे चार दिवस दारावर धूळ खाल्लेली. अहो, आपला दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, टॅजेटीस. कॅलेंडुला भूमध्य समुद्राकडचं, वेगळंच झाड. थंडीत नर्सरीत त्याची रोपं मिळतात, फुलं पिवळी-केशरी, म्हणून गल्लत होते. वहिनींनी तो काढा कुणाकुणाला दिलाय ते विचारायची सोय नाही, त्या आधीच माझ्यावर नाराज आहेत. कारण भिशीचं आहे, ते पुन्हा कधीतरी.

झाडपाल्याचंच म्हणाल तर रानात वाढलेल्या प्रत्येकाला दगडीपाला माहीत आहे. उसाच्या पाल्यानं हात कापला की बांधावरचा दगडीपाला चुरगळून रस पिळायचा. नानांच्या वडिलांनी जन्मभर तेच केलं. पण नाना सांगतात की बांधावरच्या पाल्याबरोबर बांधावरची मातीही जखमेत जाते, आणि माती काय करते ते त्यांनी दवाखान्यात पाहिलंय. त्यावर येतेच.

त्याआधी हळद. सांगलीत राहून जखमेवर हळद भरू नका म्हणायचं म्हणजे धाडसच. इथे हळदीचा केवढा बाजार, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. काकू, नाना, मी, तिघांच्याही आयांनी आमच्या जखमांत हळद कोंबलेली आहे. पोराची आजी फोनवरून तेच सांगत होती. काकू म्हणाल्या, "हळदीच्या पेटंटची केस आपण अमेरिकेत जिंकलो ना!" जिंकलो, बरोबर. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. आपल्या माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. अभिमान वाटावा असंच काम. पण पेटंट रद्द झालं ते कशावर? ही गोष्ट भारतात पूर्वापार ठाऊक आहे, तुमचा शोध नवा नाही, यावर. फोडणीच्या डब्यातली हळद जखमेत भरा, असा त्या निकालाचा अर्थ काढणं म्हणजे अतीच झालं. त्या डब्यात मोहरी सांडलेली असते, ओला चमचा गेलेला असतो, दुकानदारानं काय मिसळलंय ते वेगळंच. आणि पिवळ्याधमक थराखाली जखम लाल होतेय का, पू धरतेय का, ते दिसतच नाही. डॉक्टरकडे नेलं की त्यांचा पहिला अर्धा तास हळद खरवडण्यात. दुधात घाला, लोणच्यात घाला, जखमेत नको.

हळदीइतकं बोलायची गरज नाही अशी इतरही मंडळी आहेत. कॉफीपूड, चहापूड, विडीची राख, जाळलेला कापूस, टूथपेस्ट. यांनी रक्त थांबतं असं म्हणतात. रक्त थांबतं ते दाबून धरल्यानं. स्वच्छ रुमाल घ्या, जखमेवर घट्ट दाबा, हात वर धरा आणि दहा मिनिटं हलू नका. आपली खोड अशी, की दर मिनिटाला उचलून बघायचं, थांबलं का, थांबलं का. उचललं की धरू पाहणारी गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून.

इथे काकूंच्या भाच्याचा फोन आला. स्पीकरवर लावला, म्हणजे निकाल जाहीर सभेत लागला. भाचा म्हणाला, "मावशी, गोळ्या दे, पण आधी धुतलंस ना?" आणि मग त्यानं जे सांगितलं त्यानं नाना जाळीवर चढायचे बाकी राहिले. होमिओपॅथीचे जनक हॅनेमान, जर्मनीतल्या माइसेनचे. त्यांनी 'ऑर्गेनॉन' या आपल्या मुख्य ग्रंथातच लिहून ठेवलंय की जखमेचे ओठ पट्टीनं जुळवणं, वाहतं रक्त दाबून थांबवणं, आत घुसलेली वस्तू बाहेर काढणं ही हातानं करायची कामं आहेत, शस्त्रवैद्याची आहेत. म्हणजे हॅनेमानसुद्धा आधी नळ, मग गोळ्या याच पक्षाचे! त्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या शेवटी, नामांकित डॉक्टर रोग्याच्या शिरा कापून रक्त काढत आणि पारा पाजत. त्यापुढे साखरेच्या गोळ्या देणारा माणूस देवच वाटला असणार. त्याच्याकडे निदान रोग्याला स्वतःच्या बळावर बरं व्हायची सवड मिळे.

आता माती. नाना एरवी थट्टेत बोलतात, इथे नाही. खुरप्यानं बोट कापलेले, गोठ्यात खिळा पायात गेलेले धनुर्वाताचे रोगी त्यांनी पाहिलेत. जबडा आवळलेला, पाठीची कमान झालेली, दिव्याच्या उजेडानंही झटका यायचा. हा रोग गंजातून येत नाही. जंतूंची बीजं मातीत आणि शेणात असतात, खिळा मातीत पडलेला असतो आणि खोल टोचतो, आत हवा पोहोचत नाही, तिथे ती बीजं उगवतात. म्हणून वरून ओरखडा दिसणारं मोठं खरचटणं परवडलं, पण बारीकसं खोल भोक नाही. काकूंच्या पेटीतलं लेडम धनुर्वात टाळतं असं काही जुन्या पुस्तकांत लिहिलंय आणि तेवढ्यापुरती ती पेटी बंद करून कुलूप घालावं, असं माझं स्पष्ट मत आहे. काकूंना मी तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी गोळी देते आणि इंजेक्शनलाही पाठवते. मला काय खुळी समजलीस?" मग ठीक.

इंजेक्शनचाही दुसऱ्या टोकाचा घोळ आहे. काहीजण दर सहा महिन्यांनी टोचून घेतात, दाढी करताना कापलं तरी. तेवढी गरज नसते. लहानपणचे डोस पूर्ण झाले असतील तर स्वच्छ किरकोळ जखमेला शेवटच्या डोसपासून दहा वर्षं उलटल्यावर पुन्हा घ्यायचा. जखम मातीची, शेणाची, खोल असेल तर पाच वर्षं. पूर्वीच्या टीटीच्या जागी आता टीडी मिळतं, त्यात घटसर्पाचीही लस असते. मुलांना शाळेच्या वयात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारी केंद्रात फुकट. पोराच्या आईला विचारलं, शेवटचं कधी? तिला आठवेना, कार्ड माहेरी. ओळीत प्रत्येक घरी हीच गत निघाली. माझ्या घरीही.

पोराच्या गुडघ्याला नानांनी पट्टी बांधायला लावली तेव्हा आजी पुन्हा फोनवर. उघडं ठेवा, हवा लागू दे, खपली धरू दे. हा समज फार खोल आहे. पण १९६२ मध्ये जॉर्ज विंटर नावाच्या इंग्लंडमधल्या संशोधकानं डुकरांच्या कातडीवरच्या जखमा पॉलिथिननं झाकून पाहिल्या, तर उघड्या जखमांपेक्षा त्या दुपटीच्या आसपास वेगानं भरल्या. कोरड्या खपलीखालून नव्या कातडीला वाट काढत यावं लागतं, ओलसर राहिलं की ती सरळ सरकते. म्हणून धुऊन, टिपून, व्हॅसलीनचा पातळ थर आणि वर पट्टी. रोज बदलायची, भिजली तर लगेच. कैलासजीवन, बोरोलीन, सोफ्रामायसिन यावरून प्रत्येक घराची निष्ठा वेगळी, त्यात मी पडत नाही.

पट्टीवरून सांगते, ती चिकटपट्टी १९२० मध्ये निघाली ती एका नवऱ्यामुळे. अर्ल डिक्सन, अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सनमध्ये कामाला. बायको जोसेफिन, स्वयंपाक करताना सारखी बोटं कापून घ्यायची. त्यानं चिकटपट्टीवर मधेमधे गॉज लावून ठेवलं, तिला एकटीला लावता यावं म्हणून. त्याचीच पुढे बँड-एड झाली. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे विळी बदलून आणायला वर्ष लागलं." काका व्हरांड्यात पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं.

आणि थट्टा कुठे थांबवायची तेही सांगून टाकते. जखमेचे ओठ उघडे पडलेत, दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर खोल कापलंय, आत काच आहे, तर गोळी नको, मलम नको, रिक्षा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली पसरायला लागली, गरम लागतंय, ठणका वाढतोय, पू आलाय, जांघेत किंवा काखेत अवधाण आलंय, तापलाय, तरी रिक्षाच. मागच्या गल्लीतल्या मास्तरांना मधुमेह. पायाला बधिरपणा, चप्पल लागली ते कळलंच नाही, वर कुणीतरी दिलेल्या गोळ्या घेत बसले. अंगठा गमावला. साखर असणाऱ्यांच्या पायाला किरकोळ जखम नसतेच.

कुत्रं, मांजर, माकड यांचं नख लागलं, दात लागला, तरी तसंच. साबण लावून वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवायचं, चुना-तिखट-हळद काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. रक्त आलं असेल तर जखमेत सोडायचं सीरमही मागून घ्यायचं. रेबीज एकदा झाला की त्यातून जवळजवळ कुणी वाचत नाही. काकूंच्या पेटीत त्यावरही एक बाटली आहे. ती त्यांनी माझ्यादेखत कुंडीत रिकामी केली, नानांनी टाळ्या वाजवल्या.

एवढं सगळं वाचलंत तर आता एक करा. घरातल्या प्रत्येकानं धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते शोधून कालनिर्णयच्या मागच्या पानावर तारखेसकट लिहून ठेवा. सापडलं नाही तर सोमवारी सकाळी आरोग्य केंद्रात जाऊन विचारा.